मॅच पिस्तूल हाताला बसवताना: काय फिरवायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नवीन पिस्तूल हातात आलं की पहिल्याच आठवड्यात हात शिवशिवायला लागतात. ट्रिगर जरा हलका केला तर? सेफ्टीचा खटका अंगठ्याला अडतोय, तो काढून टाकला तर? उघडायला इतका वेळ का लागतो, अमुक पिन घासली तर पटकन निघेल का? बालेवाडीच्या रेंजवर नव्याने येणारी मुलं आणि त्यांचे पालक हेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. पिस्तूल आपल्याला 'बसत' नाही ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. चुकतो तो उपाय, कारण तो चुकीच्या जागी केला जातो.

माझा नियम साधा आहे. हात आणि पिस्तूल यांच्यामध्ये जे काही येतं ते सगळं तुमचं. ग्रिप (धरायची मूठ), पाम शेल्फ (तळहाताखालची पट्टी), ट्रिगरच्या पट्टीची जागा, साइट (नेम धरायची खूण), वजनाचा तोल: हवं तेवढं फिरवा, घासा, भरा. पण पिस्तूल कधी सुटू नये हे ठरवणारा एकही भाग तुमचा नाही. सेफ्टी, हॅमर (शॉट सोडणारा ठोका), सिअर (हा ठोका ट्रिगर दाबेपर्यंत अडवून धरणारा खटका), फायरिंग पिनची अडवणूक, मॅगझीन काढल्यावर ट्रिगर बंद करणारी व्यवस्था यांना ना स्क्रू ड्रायव्हर लावायचा, ना कानस. बनवणाऱ्याने पुस्तिकेत ज्या स्क्रूचं नाव आणि काम लिहिलंय तेवढेच स्क्रू फिरवायचे.

पुढचं सगळं मुख्यतः १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे, कारण पुण्यात बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिकबद्दल (दर शॉटनंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाबद्दल) शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

आधी पिस्तूल रिकामं

कोणतंही काम हातात घेण्याआधी पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. लोडिंगची जागा उघडा, आत छर्रा नाही हे पाहा आणि नारिंगी सेफ्टी लाइन पूर्ण नळीतून ओवा. एअर पिस्तुलात ती दोन्ही बाजूंनी बाहेर दिसली पाहिजे, आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. 'मघाशीच बघितलं होतं' हे कारण चालत नाही. पिस्तूल टेबलावर ठेवून चहाला गेलात, तर परत आल्यावर पुन्हा बघायचं.

मग हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवा. ग्रिपचं काम असेल तर ग्रिपही पिस्तुलापासून सोडवा. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला की तो काढताना फार त्रास होतो, आणि त्या नादात नको ते स्क्रू हलतात.

ग्रिप: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

'ट्रिगर जड आहे' म्हणून आलेल्या तक्रारीचं मूळ मी नेहमी ग्रिपमध्ये शोधतो. तर्जनी लाकडाला टेकत असेल, तर ट्रिगर ओढताना ती सगळं पिस्तूल थोडं बाजूला ढकलते. नेमबाजाला वाटतं ट्रिगर अडखळतोय. प्रत्यक्षात बोट लाकडाशी भांडत असतं.

पहिली पायरी म्हणजे नैसर्गिक दिशा तपासणं. रिकामं पिस्तूल हातात नीट बसवा, लक्ष्याकडे उभे राहा, डोळे मिटा, हात नेहमीसारखा उचला आणि मग डोळे उघडा. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध, माथ्याला माथा लागून दिसायला हवी. ती सतत एकाच बाजूला पडत असेल किंवा खाली बुडत असेल, तर दोष मनगटाचा नाही, ग्रिपच्या कोनाचा आहे. एकदा पाहून ठरवू नका. पिस्तूल खाली ठेवा, पुन्हा हातात घ्या, पुन्हा पाहा. दर वेळी तेच दिसलं तरच त्यावर विश्वास ठेवा.

हल्लीच्या बऱ्याच मॅच पिस्तुलांची ग्रिप स्क्रू सैल करून पुढे-मागे झुकवता येते, थोडी फिरवताही येते. आधी हा मार्ग वापरून संपवा. लाकूड घासणं त्यानंतर. स्क्रू जेमतेम सैल करायचा, केसभर हलवायचं, घट्ट करायचं आणि डोळे मिटून पुन्हा तपासायचं. मूळ जागी पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवलीत, तर परत फिरायची वाट उघडी राहते.

लाकूड घासायची वेळ आलीच, तर कुठे घासायचं हे अंदाजाने ठरवू नका. तळहाताला खडूची पूड चोळा, जादाची झटका आणि ग्रिप नेहमीच्या ताकदीने धरा, जास्त आवळून नाही. हात सोडल्यावर लाकडावर पांढरे डाग दिसतील. जिथे पूड गच्च बसलीय तिथे दाब जास्त, जिथे लाकूड कोरं राहिलंय तिथे हात टेकतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी एकच जाड डाग आणि तळव्याच्या मध्यात काहीच नाही, असं चित्र खूपदा दिसतं. अशी ग्रिप हातात डुलते आणि दर शॉटला वेगळी बसते. तो जाड डाग अर्धगोल कानशीने थोडा उतरवा, मग पॉलिश पेपर फिरवा आणि पुन्हा पूड लावून पाहा. एका बैठकीत थोडंच लाकूड काढा. दुसऱ्या दिवशी ताज्या हाताने पुन्हा धरून बघा, कारण तासभर घासून थकलेला हात खरं सांगत नाही.

तर्जनीच्या बाजूला मात्र हात आखडता घेऊ नका. बोट आणि लाकूड यांच्यात दिसेल इतकी फट हवी.

कोरी राहिलेली जागा भरायला खास लांबी (खड्डे भरायचा लगदा) मागवावी लागते असं नाही. रविवार पेठेत बोहरी आळीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एम-सीलसारखी दोन भागांची एपॉक्सी लांबी चालते. ती लाकडावर थापा, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म ठेवा आणि हात अगदी शॉटच्या वेळी असतो तसा बसवून थोडा वेळ स्थिर धरा. हाताचा ठसा उमटतो. रात्रभर वाळू द्या, मग कडा घासा. लांबी लावण्याआधी खालचं लाकूड पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या. गुळगुळीत लाकडावर लावलेली लांबी महिन्याभरात सुटते. घासताना तोंडाला मास्क हवा.

ग्रिपवर चकचकीत व्हार्निश लावू नका. घामाने ती निसटते. जवसाच्या तेलाचा एक पातळ हात पुरतो.

आता पाम शेल्फ, म्हणजे तळहाताच्या खालची सरकती पट्टी. ती हाताला नुसती लागावी, चिमटू नये. सुरुवातीला घट्ट शेल्फ छान वाटतं, हात भक्कम वाटतो. पण ६० शॉटच्या सामन्यात, म्हणजे सव्वा तासात, हात थोडा फुगतो आणि तेच शेल्फ रक्त अडवायला लागतं. चाळीसाव्या शॉटनंतर बोटं थरथरायला लागली, तर मनाच्या कमजोरीला दोष देण्याआधी शेल्फ थोडं खाली सरकवून पाहा.

घासताना आणि भरताना नियमाची चौकट लक्षात ठेवा. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाच्या मागे हाताला टेकता कामा नये. शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नसावा आणि त्याच्या कडा वर वळून हाताला कवेत घेता कामा नयेत. संपूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. लांबी भरत गेलं की ५० मिलिमीटरची जाडी कधी ओलांडली जाते ते कळत नाही. घरी पुठ्ठ्याची त्या मापाची पेटी करून ठेवा.

ट्रिगर: हलका करण्यासाठी नाही, सारखा करण्यासाठी

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. बहुतेकांचा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट वजन उचलत मागे येतं, मग एक ठाम भिंत लागते, आणि दुसऱ्या टप्प्यात थोडं आणखी वजन दिलं की शॉट सुटतो. शिकणाऱ्याने पहिल्या टप्प्यात जास्त वजन आणि दुसऱ्यात कमी ठेवावं, म्हणजे भिंतीपाशी पोहोचेपर्यंत बरंचसं काम झालेलं असतं. पण भिंत बोटाला स्पष्ट कळलीच पाहिजे. ती इतकी पुसट झाली की शॉट आपल्या नकळत सुटायला लागतो, तर दुसऱ्या टप्प्याला वजन वाढवा.

फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रूची आजची जागा वहीत लिहा. मग एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरी. दोन स्क्रू एकदम हलवले तर कशाने काय बदललं ते कळत नाही. क्रम असा ठेवा: आधी ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवून तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग तिच्यावर सरळ बसेल असं करा, मग पहिल्या टप्प्याचं वजन, मग दुसऱ्याचं, आणि सगळ्यात शेवटी शॉट सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जावा हे ठरवणारा स्टॉप. स्टॉप फार जवळ आणला तर एखादे वेळी शॉटच सुटत नाही, म्हणून थोडी मोकळीक ठेवा.

काही पिस्तुलांत सिअर एकमेकांत किती अडकावेत यासाठीही एक स्क्रू असतो. तो दिसला तरी त्याला हात लावू नका. सिअर पुरेसे अडकले नाहीत, तर पिस्तूल नुसत्या धक्क्याने सुटू शकतं. तो स्क्रू कारखान्याने किंवा जाणकार तंत्रज्ञानेच फिरवायचा.

वजन घरी तपासता येतं. किराणा दुकानात दिसतं तसं वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ५०० ग्रॅमचं वजन घ्या आणि त्याला तारेचा आकडा लावा. आकड्याचंही वजन भरतं, म्हणून सगळं मिळून डिजिटल काट्यावर मोजा आणि तो आकडा लिहून ठेवा. पिस्तूल कॉक करा (ट्रिगर दाबला की सुटेल असं तयार करा), छर्रा नको. नळी सरळ वर, आकडा ट्रिगरच्या मध्यावर, आणि टेबलावरचं वजन सावकाश, झटका न देता उचला. वजन टेबलावरून पूर्ण सुटलं तरी ट्रिगर सुटता कामा नये. अधिकृत तपासणीत पिस्तुलात हवेचा दाब चालू असतो, त्यामुळे फक्त ड्राय फायरवर (हवा न सोडता, नुसता ट्रिगर दाबून) तपासून समाधान मानू नका. रेंजवर प्रशिक्षकासमोर हवा भरलेल्या स्थितीतही एकदा तपासा.

ठीक ५०० वर ठेवण्याचा मोह टाळा. थंडीत, धूळ बसल्यावर, स्प्रिंग जुनी झाल्यावर वजन सरकतं. मी ५१५ ते ५२० च्या आसपास ठेवायला सांगतो. त्या पंधरा-वीस ग्रॅमचा फरक बोटाला कळतही नाही. सामन्यानंतरच्या तपासणीत ट्रिगर हलका निघाला, तर मात्र सगळी मेहनत पाण्यात जाते आणि नेमबाज अपात्र ठरतो.

ट्रिगर बदलल्यावर शेवटची चाचणी चुकवू नका. रेंजवर, नळी लक्ष्याकडे, छर्रा नाही, पिस्तूल कॉक केलेलं. ग्रिपच्या बुडाला तळहाताने बाजूने आणि खालून बेताने थापट्या मारा. सुटलं, तर तुमची सगळी ॲडजस्टमेंट रद्द. वहीतल्या जुन्या जागेवर परत जा.

साइट

इथे थोडक्यात. पाच शॉटचा ग्रुप झाल्याशिवाय साइटला हात लावू नका. एका शॉटच्या मागे धावणारा दिवसभर धावतच राहतो. रिअर साइटच्या स्क्रूवरची अक्षरं आणि बाण प्रत्येक कंपनीत वेगळा अर्थ सांगतात, म्हणून एकदा स्वतःच तपासा: पाच शॉट, मग दहा क्लिक एका दिशेला, पुन्हा पाच शॉट. ग्रुप कुठे आणि किती सरकला ते वहीत लिहा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे एका क्लिकला किती सरकतं हे माहीत असणं फार उपयोगी पडतं. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या फटी सारख्या आणि सहज दिसतील इतक्या हव्यात. डोळे थकत असतील तर खाच थोडी रुंद करा.

सिलिंडर, पावसाळा आणि मे महिना

सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत साधारणपणे दहा वर्षांची असते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी नियमाप्रमाणे नेमबाजाचीच आहे. मुदत संपलेला सिलिंडर 'अजून चांगला आहे' म्हणून वापरायचा नाही, आणि स्वस्तात मिळतोय म्हणून दुसऱ्याचा घ्यायचाही नाही.

हवा सावकाश भरा. घाईने भरली की सिलिंडर तापतो, काटा २०० बार दाखवतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. जोडणीला यंत्राचं तेल किंवा साधं ग्रीस अजिबात लावू नका. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला (जोडणीतल्या रबरी कडीला) पुस्तिकेत सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच, तेही नखभर. हातपंपाने भरत असाल तर जून ते सप्टेंबर आर्द्रता शोषणारा फिल्टर लावा, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.

मे महिन्यात सिलिंडर गाडीत ठेवून जाऊ नका. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब सुमारे २२३ बार होतो. लोहगावहून विमानाने स्पर्धेला जाताना सिलिंडर रिकामा करून, पिस्तुलापासून सोडवून न्यायचा, आणि विमान कंपनीशी आधी बोलून ठेवायचं.

पावसाळ्यात पेटीतला फोम ओलावा धरून ठेवतो. सरावानंतर पिस्तूल कापडाने पुसा, घाम लागलेल्या धातूवर तेलाचा हलका हात फिरवा, घरी गेल्यावर पेटी थोडा वेळ उघडी ठेवा आणि मगच सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा. लाकडी ग्रिप पावसाळ्यात थोडी फुगते. जुलैत घट्ट वाटली म्हणून लगेच घासू नका, दिवाळीपर्यंत ती पुन्हा सैल पडेल.

नळी साफ करायला फेल्टचे बोळे पुरतात. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या पोळीला हात लावू नये. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी हे कटाक्षाने पाहावं.

.२२ सेमी-ऑटोमॅटिक: इथे रेघ ठळक आहे

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून या प्रकाराचं आकर्षण आपल्याकडे वाढलंय. इथे किमान ट्रिगर १००० ग्रॅम, वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि पेटी ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरची. ग्रिप आणि साइटबद्दल वर लिहिलेलं सगळं इथेही लागू होतं.

फरक असा की हे परवान्याचं अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ फक्त बनवण्या-विकण्यापुरतं नाही. अग्निशस्त्रात बदल आणि दुरुस्ती करायलाही त्या कामाचा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे आतली यंत्रणा बदलण्याचा परवाना नव्हे. सेफ्टी काढणं, सिअर घासणं किंवा 'पटकन उघडावं' म्हणून पिन बदलणं घरी करायचं काम नाही, आणि ओळखीतल्या लेथवाल्याकडूनही करून घ्यायचं नाही. घासलेला सिअर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) पुढे आपटताना सुटू शकतो. म्हणजे बोट ट्रिगरवर नसताना गोळी जाते, आणि शेजारच्या लेनवर कुणाचं तरी मूल उभं असतं.

तुमचं काम सफाईपुरतं. त्यात क्रम कधीच मोडायचा नाही: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहणं आणि करंगळीने चाचपणं, मग सेफ्टी फ्लॅग. क्रम उलटला, म्हणजे मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर नवी गोळी चेंबरमध्ये जाते आणि आपण पिस्तूल रिकामं समजून बसतो. गोळ्या वेगळ्या टेबलावर ठेवा. नंतर पुस्तिकेत सफाईसाठी जेवढं उघडायला सांगितलंय तेवढंच उघडा आणि तिथेच थांबा. जोर लावावा लागतोय असं वाटलं, तर काहीतरी क्रम चुकलाय. जोडून झाल्यावर, रिकामं असतानाच, सेफ्टी लावून ट्रिगर दाबून पाहा. हॅमर हलता कामा नये. हलला, तर पिस्तूल रेंजवर न्यायचं नाही, थेट परवानाधारक आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे) द्यायचं.

सेफ्टी खरंच अंगठ्याला अडत असेल, तर ग्रिपचा अंगठ्याकडचा खळगा बदला. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. नाही मिटला, तर कंपनीला लिहा आणि त्यांचाच दुसऱ्या मापाचा भाग आर्मररकडून बसवून घ्या.

सामन्याच्या आधी

जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या १० मीटर पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन सामन्यात बिघाड झाला. दुरुस्तीत मिनिटं गेली, ती ५७५ गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. इतक्या वरच्या पातळीवरही यंत्र दगा देऊ शकतं. तेव्हा सामन्याच्या आठवड्यात काहीही नवीन फिरवू नका. शेवटचा बदल निदान दोन आठवडे आधी झालेला असावा, आणि त्यानंतर पूर्ण ६० शॉटचे दोन-तीन सराव सामने झालेले असावेत.

पेटीत ठेवायच्या गोष्टी: भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंग, सगळ्या मापांच्या ॲलन की, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी, सेफ्टी लाइन, फेल्टचे बोळे, आणि ती वही. तपासणीच्या टेबलावर ट्रिगरचं वजन कमी भरलं, तर कुठला स्क्रू किती फिरवायचा हे आठवत बसायला वेळ नसतो. वहीच्या पहिल्या पानावर ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: स्क्रूचं नाव, आजची जागा, आणि अर्ध्या फेरीने किती ग्रॅम वाढतात.